‘नऊ टक्के खाली’ हा दर रिकामा नसल्याबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
मागासवर्गीय कंत्राटदार प्रशिक्षण योजना (मराठी तुकडी),
दिल्ली कक्ष.

दिनांक : १४ जून २००१

विषय : ‘खाली’ म्हणजे ‘नीचे’, असे एका ओळीचे पत्र मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपली प्रशिक्षण पुस्तिका, पान १४. २) याच विषयावरचे माझे आधीचे दोन अर्ज.

महोदय,

सुरुवात सविनय करते. विनय शेवटपर्यंत पुरेल याची हमी देत नाही.

१. मी लुंबिनी यशवंत गजभिये, स्थापत्य पदविकाधारक, मूळ वर्धा, हल्ली फरीदाबाद. आमच्या लोकांना बांधकामाचा खर्च काढता येत नाही, निविदा भरता येत नाही, म्हणून कामे मिळत नाहीत, असे योजनेच्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत छापले आहे. ते शिकायला मी आपल्याकडे पंधरा दिवस बसले. पंधराही दिवस एकाच खोलीचा खर्च काढला. खोलीला दार नव्हते. विचारले तर मुरलीधर सर म्हणाले, “दार पुढच्या तुकडीला आहे.”

२. सरकारी अंदाजापेक्षा आपला दर किती टक्के कमी किंवा जास्त, हे निविदेत अक्षरात लिहायचे असते. पान १४ वर त्यासाठी ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द दिले आहेत. सरांनी बजावलेही, “‘कमी’ लिहू नका रे, पडेल वाटतं. ‘खाली’ लिहा, रुबाब वाटतो.” आम्ही एकोणीस जणांनी ते अधोरेखित केले.

३. दिल्लीतल्या द्वारकेच्या नव्या सेक्टरमधल्या भिंतीचे व नालीचे राखीव काम निघाले. मे महिन्यात मी जागेवर जाऊन माप घेतले. टेपचे दुसरे टोक वडिलांनी धरले होते. त्यांच्या चपलेचा तळ डांबराला चिकटला, पण टोक सोडले नाही. विटा-वाळूचे भाव तीन ठिकाणी विचारले. हिशेब चार वेळा तपासला आणि ‘नऊ टक्के खाली’ असा दर भरला. फॉर्मवर सूचना एवढीच होती : ‘देवनागरी में भरें’. देवनागरीतच भरला.

४. बांधकाम कार्यालयाचे उत्तर आले : ‘निविदा नौ प्रतिशत खाली पाई गई।’ म्हणजे माझा फॉर्म नऊ टक्के कोरा आहे, असा समितीचा एकमताने निष्कर्ष. तिथले लिपिक राजीवजी कौतुकाने म्हणाले, “मैडम, इक्यानवे परसेंट तो बढ़िया भरा है।” मी सांगितले, खाली मतलब नीचे. त्यांनी कागद उचलून खरोखर खाली पाहिले. म्हणाले, “नीचे तो टेबल है।” आमच्या तुकडीतले मारुती मेश्राम यांनी ‘दोन टक्के वर’ लिहिले होते. त्यांना विचारण्यात आले, बारात कब है?

५. अपूर्ण निविदा भरणाऱ्याचे नाव राखीव यादीतून तीन वर्षांसाठी काढतात. खुलाशाची मुदत २२ जून आहे. तीन वर्षांत द्वारका बांधून संपेल. मग मी यादीत येऊन काय, कुंपणांना रंग देऊ?

६. मी आपल्याकडे पत्र मागितले. आपण मला ‘अपूर्ण निविदा कशी टाळावी’ या वर्गाला बोलावले. तिथे नमुना म्हणून माझ्याच फॉर्मच्या छायाप्रती वाटल्या. शेजारची वैभवी म्हणाली, “अगं, हा तर भरलाय! कोरं कुठंय?” सर म्हणाले, “शोधा, नऊ टक्के आहे.” तीस माणसांनी अर्धा तास शोधले. मीही शोधले, महोदय. स्वतःच्या अक्षरात स्वतःचा रिकामेपणा शोधला आणि त्याबद्दल मला प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र मिळाले.

७. राजीवजींनी एक वाट सुचवली : ‘गलती से खाली छूट गया’ असा माफीनामा द्या, नाव राहील. आपणही परवा फोनवर म्हणालात, “लिहून टाका ना, काय जातं?” काय जातं ते सांगते. आपल्या माहितीपत्रकाची पहिली ओळ माझ्या सहीने खरी ठरते. उद्या आमच्यातल्या कुणीही निविदा भरली, की तोच कागद पुढे करतील : बघा, यांच्या पदविकावालीला रकानासुद्धा भरता आला नाही.

तरी सोबतच्या हिंदी पत्रावर २२ जूनच्या आत सही-शिक्का द्यावा. मजकूर मी टाइप करून आणला आहे. आपल्याला फक्त पेन उघडायचे आहे. माफीनामा मी लिहिणार नाही. मला काम येतं. हे वाक्य सरकारी भाषेत कसे लिहितात ते आपल्या पंधरा दिवसांत शिकवले नाही, म्हणून साधेच लिहिले आहे.

आपल्याच कक्षाने दोनदा उत्तीर्ण केलेली,

(सही)
लुंबिनी यशवंत गजभिये

सोबत : १) निविदेची छायाप्रत (पूर्ण भरलेली). २) पान १४. ३) प्रमाणपत्रे, दोन. ४) पत्र, सहीसाठी.