उलटा उभा राहिलो

कलकत्ता, १४ जानेवारी १९७३

ती. बाबांना नमस्कार.

कालच्या सामन्यानंतर साष्टांग घालायला बरगड्या तयार नाहीत.

पुस्तकं वाचून कोणी बॉक्सर होत नाही, असं तुम्ही नागपूरहून लिहिलंत. मी झालो. कॉलेज स्ट्रीटवरून जुनं पुस्तक आणलं आणि त्यातल्या चित्रांसमोर उभं राहून सहा महिने सराव केला. चित्रातला माणूस माझ्याकडे तोंड करून उभा आहे, हे ध्यानातच आलं नाही. त्याचा डावा पाय पुढे, म्हणून आरशात दिसावं तसा मी उजवा टाकला. मग बॉक्सिंग क्लबात गेलो, तर सगळे हसले. आमचे शिक्षक बिमलदा मात्र म्हणाले, "बदलू नकोस. डावखुरे असेच उभे राहतात. तू जन्माचाच डावखुरा दिसतोस."

लहानपणी डाव्या हाताने घास उचलला, की तुमची पट्टी त्याच हातावर बसायची. काल त्याच हाताने मी जिंकलो.

हे पत्रही त्याच हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून तूर्त पाठवत नाही. अक्षर सुधारेन. पण उजव्या हाताने लिहिलेली एकही ओळ आता तुम्हाला मिळणार नाही.

तुमचा डावखुरा मुलगा,
प्रमोद