वीराचा डावा हात

४ फेब्रुवारी
तलवारीला नाव नाही! माझ्या वीराच्या कादंबरीचे दोन भाग छापून झाले, तिसरा अर्धा लिहून झाला — आणि प्रकाशकांना आज साक्षात्कार. "सुरीला नुसतं सुरी म्हणतात हो बाई, तलवारीला नुसतं तलवार कसं चालेल? काहीतरी भारदस्त हवं." मग स्वतःच सुचवलं — कृतान्तजिव्हा, म्हणजे यमाची जीभ. शत्रूचं माहीत नाही, वाचकाची जीभ नक्की कापणार. पण छापणार ते. घेतलं.

५ फेब्रुवारी
बाबांनी शर्टाची बटणं एकट्याने लावली. डाव्या हाताने. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला, तेव्हा कितीतरी महिने डाव्याला त्यांनी कामच दिलं नव्हतं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, रुसला तो रुसलाच. घास मी भरवायचा. मग गेल्या वर्षी एका सकाळी आपणहून चमचा उचलला! व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई सगळं श्रेय स्वतःकडे घेतात. घेऊ देत.

११ फेब्रुवारी
वाचनालयात वाचकांशी गप्पा. पुढच्याच रांगेत एक दातांचे डॉक्टर. दोन्ही पुस्तकांत चिठ्ठ्या खोचून आणलेल्या — तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. "पहिल्या भागात वीर उजव्या हाताने तलवार चालवतो. दुसऱ्यात पहिल्या पानापासून डाव्याने. का?"

का! मला पत्ताच नव्हता. चेहरा मात्र होईल तितका गूढ केला आणि म्हटलं, "तिसऱ्या भागात कळेल."

टाळ्या!!

१२ फेब्रुवारी
तपासलं. खरं आहे. अख्खा दुसरा भाग डावा.

१७ फेब्रुवारी
आख्यायिका अशा जन्माला येतात तर. काही वाचक म्हणतात, उजव्या हाताने निरपराध मारला गेला म्हणून वीराने शपथ घेतली. काही म्हणतात, हाताला शाप आहे. डॉक्टरांचं म्हणणं सगळ्यांत भारी — खरा वीर केव्हाच मेला, हा त्याचा जुळा भाऊ. प्रकाशक तर नाचायचेच बाकी होते. "जुळा घाला! चौथा भाग पण निघेल!"

अहो, पहिल्या भागात त्याची आई पाच पानं बाळंत होते आहे. एकच मूल होतं. दुसरं काय सुईणीने पिशवीत घालून नेलं?

२० फेब्रुवारी
कारण सापडलं. हसावं की रडावं!

पहिल्या भागातल्या लढाया बाबा मला करून दाखवायचे. हातात छत्री. सोफ्यावरून उडी, राक्षसाला शिव्या, मध्येच दम लागला की पाणी. मी समोर बसून लिहून घ्यायची. दुसऱ्या भागाच्या वेळी बाबा अंथरुणात. मग छत्री मीच घेतली आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. आज तशीच उभी राहिले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. छत्री माझ्या उजव्या हातात — आरशातल्या बाईच्या डाव्या. मी तिच्याकडे बघून लिहिलं! शाप नाही, शपथ नाही. कपाट.

प्रकाशकांना फोनवर सांगितलं. पलीकडे दार लावल्याचा आवाज. मग — "हे कुणाकडे बोलू नका. नवी आवृत्ती निघतेच आहे. डाव्याचं उजवं करून टाका. डॉक्टरांचं मी बघतो."

२३ फेब्रुवारी
जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसले होते. खोडाखोड जोरात. बाबा काठी टेकत आले, शेजारी बसले, पानावर बोट ठेवलं.

"हे का खोडतेस?"

"प्रकाशक म्हणतात, उजवा करा."

"त्याला काय कळतंय!" मग खिडकीकडे बघत म्हणाले, "तू पुस्तक उशाशी ठेवून गेली होतीस. वाचायला घेतलं, तर हा डाव्याने लढतोय. कारण सांगत नाही, रडगाणं नाही. सरळ लढतोय. म्हटलं, पोरीला तोंडाने सांगता येईना, म्हणून लिहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी चमचा उचलला." मग माझ्याकडे वळले. "मुद्दामच केलंस ना?"

"हो," म्हटलं.

थापा मारून पोट भरते मी. राक्षस, उडते घोडे, बोलते किल्ले — कधी जीभ अडखळली नाही. या एका अक्षराला घाम फुटला. नंतर मोरीत नळ सोडून खूप रडले.

२४ फेब्रुवारी
प्रकाशकांना कळवलं. डावाच राहणार.

"मग वाचकांना कारण काय द्यायचं?"

"तो आजारी पडला. उजवा हात गेला. डाव्याने शिकला."

"वीर कधी आजारी पडतो का हो?"

"आमच्या घरी पडतो."

भडकले. म्हणाले, निदान तलवारीचं नाव तरी बदलू नका. नाही बदलत. ठेवा तुमची जिव्हा.

२ मार्च
शेवटची लढाई बाबांनी करून दाखवली. खुर्चीत बसून, छत्री डाव्या हातात. शिव्या मात्र पहिल्यासारख्याच! मग छत्री खाली ठेवली, डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर घेतला. "शेवटी त्याचा उजवा बरा होतो का गं? सहज विचारतोय."

अजून लिहिलं नाही, म्हटलं.