काथ्याची भिंत

आई, अण्णांच्या खोलीला मी काथ्याची भिंत घातली आहे. म्हणजे जुन्या भिंतीपुढे लाकडी चौकट उभी केली, तिच्यात नारळाच्या काथ्याचे जाड थर दाबून बसवले, फटींतून सावरीचा कापूस भरला आणि वरून दुहेरी बोर्ड ठोकला. दाराच्या कडांनाही पट्ट्या लावून घेतल्या. आता दार लावलं की आतला आवाज बाहेर येत नाही. तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस, बहिऱ्या माणसाला कसली गं शांतता देतेस? आजवर मला हे कुणी विचारलं नाही. सगळे म्हणाले, बापासाठी किती करते बघा. मी गप्प राहून ते कौतुक घेतलं.

माझा आताचा धंदा तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी एका ऑफिसात नकाशे काढत होते आणि आपण परळच्या चाळीतच होतो. आता चाळीच्या जागी टॉवर आहे, त्यात आपल्याला बाराव्या मजल्यावर घर मिळालं. घरात मी आणि अण्णा, दोघंच. लालबागला एक गाळा घेतलाय, तिथे मी आवाज शोषून घेणारी पॅनेल बनवते. काथ्या, ताग, अंबाडी, केळीच्या सोपटाचा धागा, सगळं झाडापासून आलेलं. आवाज धाग्यांच्या गुंत्यात शिरतो आणि तिथेच दमतो, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. त्यांना ते फार आवडतं. किडीसाठी टाकणखाराचं पाणी मारते, बाकी रसायन नाही. काचेची लोकर वापरली तर काम सोपं होतं, पण ती मी अण्णांच्या खोलीत येऊच दिली नसती. गिरणीतला कापूस त्यांच्या छातीत आधीच पुष्कळ आहे. बघ, एवढा विचार केला मी. त्यांना खोकला येऊ नये म्हणून जपलं, आणि आलाच तर तो मला ऐकू येऊ नये याचीही सोय केली. दोन्ही एकाच भिंतीत.

परवा गाळ्यात काथ्या पिंजताना आपलं चाळीतलं स्वयंपाकघर आठवलं. स्वयंपाकघर कसलं, पडद्यामागचा कोपरा. मी दहावीला आहे, मैत्रीण अभ्यासाला आली आहे. अण्णा गिरणीतली पाळी संपवून येतात आणि दारातूनच गरजतात, "च्या टाक गं!" मैत्रीण दचकते, तिच्या हातातलं पेन पडतं. मी म्हणते, "अण्णा, हळू बोला ना, माणसं राहतात इथे." त्यांना ऐकू जात नाही, पण ओठ कळतात. ते चपला काढतात आणि खिडकीशी जाऊन बसतात. तू भाकरी थापता थापता थांबलीस. मैत्रीण गेल्यावर तू त्यांच्याकडे पाठ केलीस, तुझे ओठ त्यांना दिसू नयेत म्हणून, आणि म्हणालीस, "त्यांचे कान काय हौसेनं गेले? साच्यावर उभं राहून गेले, आपल्या पोटासाठी. परत त्यांना हळू बोला म्हणालीस तर थोबाड फोडीन." तू कधी हात उगारला नाहीस, पण त्या दिवशी मी घाबरले होते. तुम्ही दोघं मात्र आवाज न करता बोलायचात. साचाखात्यात मागांच्या खडखडाटामुळे सगळेच कामगार ओठांवरून बोलत, ते अण्णांनी घरी आणलं आणि तू शिकलीस. खोलीच्या दोन टोकांना बसून तुम्ही नुसत्या ओठांनी भांडायचात आणि मला एक अक्षर कळायचं नाही. मला त्याचा राग यायचा. मी ते कधी शिकले नाही.

आता त्यांचं वय झालंय. आवाज तेवढा तसाच, किंबहुना वाढलाच. पहाटेची बुद्धवंदना अशी, की जणू समोर शंभर माणसं बसलीत. टीव्ही फुल. पाणी हवं, चष्मा सापडत नाही, पंखा कमी कर, प्रत्येक गोष्टीला हाक. कानाचं यंत्र आणून दिलं तर दोन दिवसांत काढून ठेवलं, म्हणे सगळं एकदम अंगावर येतं. उशाशी घंटेचं बटण बसवलं, तर मला म्हणाले, "घंटी वाजवून माणसं बोलवायला मी काय साहेब हाय?" मी घरून फोनवर कामाचं बोलत असायचे आणि मागून ही हाक. लाज वाटायची आई. नंतर नंतर चीड यायला लागली. मग मी लोकांना सांगायला सुरुवात केली की शेजारच्यांची तक्रार आहे. तक्रार नव्हती. शेजारची बाई एवढंच म्हणाली होती की तुमच्या बाबांची वंदना झाली की मी गॅस पेटवते.

भिंत झाली. एसी आहे म्हणून दार लावून ठेवायचं, असं ठरवून टाकलं. मी गाळ्यावर जाते तेव्हा त्यांना सांभाळायला ठेवलेल्या एक मावशी त्यांच्या खोलीत बसलेल्या असतात, तेव्हा काही प्रश्न नसतो. प्रश्न मी घरी असते तेव्हाचा. एका रविवारी लिफ्टपाशी ती शेजारची बाई भेटली. म्हणाली, "बाबा बरे आहेत ना? हल्ली वंदना ऐकू नाही येत." मी म्हटलं, बरे आहेत. घरात येऊन त्यांचं दार उघडलं तर ते खाटेच्या कडेला बसून हाका मारत होते, "बाय... ए बाय..." पाण्याचा तांब्या कलंडला होता, लेंगा ओला झाला होता, तोंड लाल झालं होतं. मला बघून थांबले. रागावले नाहीत. गळ्यावर हात ठेवून म्हणाले, "किती हाका मारल्या. माझा आवाज गेला काय गं, बाय?"

त्यांना स्वतःचा आवाज कधीच ऐकू येत नाही ना. हाक मारली आणि माणूस आलं, म्हणजे आवाज पोचला, हे एकच माप त्यांच्याकडे आहे. आता माणूस येत नाही, म्हणजे आवाज गेला. भिंतीचं त्यांच्या मनातही आलं नाही. ती मी त्यांच्यासाठी बनवली, हे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना अभिमानाने सांगतात. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी ओठ नीट हलवून, सावकाश म्हटलं, "हो अण्णा, बसलाय थोडा. हवा बदललीय." त्यांनी ते खरं मानलं. मी त्यांचा लेंगा बदलला, मिठाचं कोमट पाणी आणून दिलं. तेव्हापासून ते नेमाने गुळण्या करतात. घसा जपायचा म्हणून बोलतातही कमी. वंदना मनातल्या मनात म्हणतात. मध्येच विचारतात, "आज बरा वाटतो काय?" आणि मी सांगते, येतोय हळूहळू.

गेल्या आठवड्यात मी सुताराला बोलावलं, भिंत उतरवायला. त्याने पटाशी काढली, बोर्डावर बोटं वाजवून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, एवढं भारी काम, कशाला काढताय? आणि काढलं की काथ्या विस्कटणार, परत असा नाय बसणार." अण्णा खाटेवरून बघत होते. त्यांनी बारीक आवाजात, खरंच बारीक आवाजात विचारलं, "काय बिघाड झालाय काय?" इतकं हळू बोलताना मी त्यांना उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मी मान हलवली, नाही म्हणून. सुताराला चहा दिला आणि परत पाठवलं.

लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, शेवटी लिहीन की उद्या भिंत काढते. तसं तुला वाचायला बरं वाटलं असतं. पण हे कुठे पाठवायचं नाहीये, तर निदान खोटं तरी कशाला लिहू. घर शांत झालंय आई. मी त्यांचं दार लावते, माझ्या खोलीत येते, आणि मला लगेच झोप लागते.