दामिनीचं शिफारसपत्र कोणी लिहिलं

नागपूर,
रविवार, २० एप्रिल २०२५

प्रिय गोपिका,

खुशालीचं आधी उरकते. आम्ही तिघंही बरे आहोत. कूलर माळ्यावरून उतरवला, त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या. आता तो वारा कमी आणि आवाज जास्त करतो, त्यामुळे घरात दोन नवरे, दोन मधुसूदन झाल्यासारखं वाटतं. तुझ्या सासऱ्यांचा, मनोहररावांचा गुडघा कसा आहे? तू पाठवलेली संत्र्यांची पेटी बुधवारी पोचली. मृग बहाराची शेवटची ना? यांनी तीन दिवसांत निम्मी पेटी संपवली. मी अजून एकही सोललेलं नाही. का, ते पुढे येईल.

पत्राचं पाकीट पाहून तू म्हणशील, "काहून वं, फोन बिघडला का?" फोन ठणठणीत आहे. पण फोनवर मी काही कबूल करायला लागले की तू मधेच "जाऊ दे न बाप्पा" म्हणतेस, आणि मला जाऊ द्यायची फार हौस. कागद मधे बोलत नाही.

तर बुधवारी तुझा फोन आला. दामिनी पुण्याला जायचं नाही म्हणते, रडून राहिली, "तू समजाव न वं तिले, तुझंच ऐकते ते." मी म्हटलं, बघते. चार दिवस झाले, मी बघितलेलं नाही. तिचं हॉस्टेल माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. मी त्या रस्त्याने रोज भाजी आणायला जाते.

या उन्हाळी संशोधनाचं इकडे काय चाललंय, ते तुला नरखेडला बसून कळायचं नाही. आपल्या वेळी मुलं उन्हाळ्यात आजोळी जायची आणि अंगावर घामोळं घेऊन परत यायची. आता संस्थेत जातात आणि सर्टिफिकेट घेऊन येतात. आमच्या कॉलनीत एप्रिल लागला की बायका एकमेकींना "कुरड्या झाल्या का?" असं विचारत नाहीत. "तुमच्याचं कुठे लागलं?" असं विचारतात. समोरच्या काकूंची नात बंगलोरला कसल्याशा लॅबमध्ये सहा आठवडे बाटल्या धुणार आहे. काकू त्याला रिसर्च म्हणतात आणि स्वतःच्या घरी मात्र भांड्यांना बाई ठेवतात. मी हसते. हसायला मला कोणी बोलावलेलं नसतं, पण तरी हसते, कारण माझ्या घरात यंदा सांगण्यासारखं काही नाही.

पुण्याच्या संस्थेत कीटकांच्या प्रयोगशाळेत आठ आठवडे, जागा एकच. माझ्या वर्गातून दोघांनी अर्ज केला होता, तुझी दामिनी आणि माझा पुष्कर. जागा दामिनीला मिळाली. एवढं तुला माहीत आहे. पेढे मीच वाटले, तेही माहीत आहे. पेढे वाटताना माझा चेहरा कसा होता ते माझ्या सहकारी शामला मॅडमना विचार. त्या म्हणाल्या, "सुरुची, दाढ दुखते का?"

आता आमच्या विभागातली एक रीत सांगते. शिफारसपत्र शिक्षकाने लिहायचं असतं, असं संस्थेला वाटतं. प्रत्यक्षात आम्ही विद्यार्थ्याला म्हणतो, "तूच लिहून आण, मी बघून पाठवते." वेळ नसतो हे कारण. खरं कारण आळस. मुलंही लाजत नाहीत. दरवर्षी माझ्याकडे वीस पत्रं येतात आणि विसांतला प्रत्येक जण वर्गात सर्वोत्तम असतो. मी इंग्रजी जरा सरळ करते, एखादा प्रसंग घालते, माझ्या नावाने पाठवून देते.

पुष्करचं पत्र मी लिहिलं. स्वतःच्या मुलाची शिफारस करता येत नाही, तेवढी लाज नियमांनी राखली आहे, म्हणून सही शामला मॅडमची. दोन रात्री बसून लिहिलं. कुशाग्र, जिज्ञासू, नेतृत्वगुणसंपन्न. पुष्करने वाचलं आणि म्हणाला, "आई, कोण आहे गं हा मुलगा? मला भेटायला आवडेल." मी त्याला ओरडले. पण पाठवलं.

दामिनी जानेवारीत तिचं पत्र घेऊन आली. एकच पान. मला म्हणाली, "मॅडम, मले माझ्याबद्दल चांगलं लिहिता नाई येत जी. जे खरं हाय ते लिहिलं. बाकी तुम्ही टाका." तिच्या मोडक्या इंग्रजीचं मराठी करून तुला सांगते, कारण पुढचं सगळं त्या पानावर आहे.

"ही मुलगी सुट्टीत घरच्या बागेत संत्र्याच्या पानामागची काळ्या माशीची अंडी मोजते. दोन वर्षं मोजते आहे. त्या माशीमुळे येणारी काळी बुरशी, कोळशी, आधी कोणत्या झाडावर येईल ते तिला सांगता येत नाही, तरी ती मोजते. आकडा चुकला तर खोडत नाही, बाजूला नवा आकडा आणि तारीख लिहिते. एकदा माझ्याच स्लाइडवरचं नाव चुकलं होतं. तिने ते वर्गात सांगितलं नाही, तास संपल्यावर मला येऊन सांगितलं. ती बरोबर होती. तिला बोलता कमी येतं. प्रयोगशाळेतून ती सगळ्यात शेवटी जाते, कारण ती काच पुसून ठेवते."

गोपिका, माझी चूक माझ्याच शिफारसपत्रात, माझ्याच तोंडून! आणि दामिनी बाईसाहेबांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण ते खरं होतं.

मी ते पान दोनदा वाचलं. माझं काम काय होतं ते मला ठाऊक होतं. इंग्रजी दोन ठिकाणी लंगडत होतं, ते सरळ करायचं. अंडी आणि काच काढून टाकायची, "अत्यंत हुशार" घालायचं, "मी पंचवीस वर्षांत पाहिलेल्या विद्यार्थ्यांत" वगैरे लावायचं. समोरच्या काकूंच्या नातीसाठी मी एवढं सगळं केलं होतं. ती तर माझी विद्यार्थिनीही नाही.

दामिनीसाठी मी एक अक्षर हलवलं नाही. लाल पेनचं टोपणही काढलं नाही. तिचं पान होतं तसं टाइप केलं, खाली माझं नाव घातलं आणि पाठवून दिलं. मला वाटलं, असल्या पत्रावर तिला कोण घेतंय? खोटं काही केलं नाही, नियम मोडला नाही, आणि पुष्करच्या वाटेतली एक जण कमी झाली. त्या दिवशी मी सुधारस-पोळी केली होती. यांनी विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "सहज."

पुढचं तुला माहीत आहे, पण अर्धंच. निवडीनंतर तिथल्या सरांनी दामिनीशी व्हिडिओवर बोलताना सांगितलं की तुझ्या शिक्षिकेचं पत्र वाचूनच आम्ही तुला घेतलं. बाकीच्यांच्या पत्रांत मुलं फार मोठी होती, म्हणाले, या पत्रातली मुलगी काय करते ते आम्हाला दिसलं.

हे ऐकून तू मला फोन केलास, "तुझ्या लेखणीचे उपकार" म्हणालीस. मनोहररावांनी पुढच्या रविवारी शाळेच्या पटांगणात माझा सत्कार ठरवला. पेटी आली. आणि पोरगी हॉस्टेलच्या खोलीत बसून रडून राहिली. तिला वाटतं, मॅडमनी तिचं पान फेकून स्वतः काहीतरी फार मोठं लिहिलं. तुला तिने जे सांगितलं ते तू मला जसंच्या तसं ऐकवलंस: "मॅडमनं माह्याबद्दल काय लिहिलं कोणास ठाऊक. तिथं गेल्यावर मी तशी निघाली नाई त मॅडमची इज्जत जाईन."

माझी इज्जत! गोपिका, ती पोरगी माझ्या इज्जतीसाठी आठ आठवडे सोडायला निघाली आहे. शुक्रवारी, पंचवीस तारखेला, होकार कळवायची मुदत संपते. तोवर मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात मी किती तरबेज आहे, ते तू हॉस्टेलमध्ये तीन वर्षं पाहिलंस.

आता ते सांगते, जे दोन पानं टाळत आले. पुष्करला काहीच मिळालं नाही असं मी तुला म्हटलं होतं. ते खोटं. पुष्कर प्रतीक्षा यादीत आहे. पहिला. दामिनी नाही म्हणाली की शनिवारी सकाळी त्याला पत्र येणार.

काल जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, दामिनी जात नाहीये म्हणे?" भाताचा घास तोंडाजवळ धरून थांबला होता. तो वाईट मुलगा नाही. पण त्या घासाच्या थांबण्यात जी आशा होती, ती मला ओळखीची वाटली. अशीच मी एकदा थांबले होते.

सत्त्याण्णव सालचा मार्च. तू वर्गात पहिली, मी दुसरी. तीनही वर्षं. तू हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना उत्तरं पाठ म्हणायचीस आणि मी खाली दिवा लावून बसायचे, तरी तूच पहिली. विभागप्रमुखांनी उन्हाळ्यात हैदराबादच्या प्रयोगशाळेसाठी एकच नाव पाठवलं, तुझं. त्याच आठवड्यात नरखेडहून जितेंद्ररावांचं स्थळ आलं. लग्न मेमध्येच हवं होतं. तू गच्चीवर ओले कपडे हातात धरून मला विचारलंस, "काय करू वं सुरुची?"

आणि मी म्हणाले, "असं स्थळ पुन्हा नाही यायचं."

स्थळ चांगलंच होतं, हे देवाशपथ खरं आहे. जितेंद्ररावांसारखा माणूस सगळ्यांना मिळत नाही, मला तर नाहीच. पण मी ते तुझ्या भल्यासाठी म्हटलं नव्हतं. तू नाही गेलीस तर कोण जाईल, हे मला माहीत होतं. मी गेले. तिथून एम.एस्सी., तिथून ही नोकरी, हे घर, हा कूलर. तुझ्या लग्नात सगळ्यात जास्त मी नाचले. लोक म्हणाले, बघा, मैत्रीण असावी तर अशी.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी तुझा हेवा करत आले, हे तुला विनोदी वाटेल. मिळालं सगळं मला आणि जळत बसले मी. तू फोनवर सांगायचीस, आज संत्र्याच्या रोपांवर डोळा कलम केलं, आज पाखरं आली, आज नवीन विहिरीला पाणी लागलं, आणि मी मनात म्हणायचे, ही तिथेही पहिलीच. आणि तुझी पोरगी माझ्या वर्गात येऊन बसली तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं की आता पुष्कर दुसरा येणार.

तर आता ऐक. परवा मंगळवारी दामिनी प्रोजेक्टची वही घ्यायला माझ्याकडे येणार आहे आणि संध्याकाळच्या एसटीने तुझ्याकडे निघणार आहे. हे पत्र तिच्याच हाती देते. सोबत तिचं जानेवारीतलं पान घालते आहे, तिच्या अक्षरातलं, आणि मी पाठवलेल्या पत्राची प्रतही. दोन्ही शेजारी ठेवून वाच. तारीख आणि माझं नाव सोडलं तर एका शब्दाचा फरक नाही. तिला सांग, पुण्याच्या सरांना जी मुलगी दिसली ती तीच होती, तिनेच दाखवलेली. तिथे गेल्यावर तिला वेगळं कोणी व्हायचं नाही. फक्त मोजायचं आणि काच पुसून ठेवायची.

मी तिला तोंडाने सांगायला हवं होतं, हे मला कळतं. मंगळवारी वही देताना प्रयत्न करीन. पण मला ओळखतेस. मी काहीतरी खोचक बोलेन, ती हसेल, आणि शुक्रवार निघून जाईल. म्हणून हा कागद.

पुष्करला हे अजून ठाऊक नाही. आज संध्याकाळी सांगणार आहे. तो चिडेल, कदाचित बोलणार नाही काही दिवस. यांनाही सांगणार आहे, म्हणजे पेटीतली उरलेली संत्री तरी त्यांच्या घशाखाली उतरायची नाहीत.

सत्काराचं मनोहररावांना तूच सांग. शाल दामिनीला द्या. एप्रिलच्या शेवटी नरखेडच्या उन्हात कुणाच्या खांद्यावर शाल घालणं ही तशी शिक्षाच आहे, आणि माझ्या बाबतीत ती योग्य ठरली असती, पण श्रीफळ मात्र फुकट गेलं असतं. तरी बोलावलंस तर येईन. मागच्या रांगेत बसेन. नाही बोलावलंस तर का, हे विचारायला फोन करणार नाही.

मघाशी, इथवर लिहून झाल्यावर, एक संत्रं सोललं. गोड होतं. त्याचाही थोडा राग आला.

पाकिटाला डिंक लावलेला नाही. एसटी काटोलला थांबेपर्यंत दामिनीचं वाचून झालेलं असेल, तिला रागावू नको. तिने माझी चूक मला तास संपल्यावर, एकटीला गाठून सांगितली होती. मी माझी तशीच सांगायचा प्रयत्न केला आहे, अठ्ठावीस वर्षं उशिरा.

तुझी,
तीनही वर्षं दुसरी आलेली,
सुरुची