खिव्यात पाहुणा पायी चालेना

तुराबमामांना खिव्याहून भाचा एरगाशचा वाकून सलाम. गुडघे कसे आहेत? मामी, मेंढ्या, रेशमाचे माग सगळे ठणठणीत असोत. मी जिवंत आहे. (आईला सांगा, जेवतोही. जरा जास्तच जेवतो, त्याचीच ही हकिगत.)

नोकरी शाश्वत पर्यटनाची आहे. म्हणजे पाहुण्यांना शहर पायी दाखवायचं. मोटारीचा धूर नको, अन्न वाया नको, प्लास्टिक नको. आमच्या साहेब मोहिगुलबाई म्हणाल्या, “मंगळवारी बारा पाहुण्यांना पश्चिम दरवाज्यापासून पूर्व दरवाज्यापर्यंत चालवत आण, की तू कायम. नाहीतर घरी.” अंतर वीस मिनिटांचं. (शेळी दहा मिनिटांत जाते.) म्हटलं, झालोच कायम.

पहिल्याच गल्लीत सलोमतमावशी तंदूरमधून नान काढत होत्या. “मेल्या, पाहुण्यांना उपाशी फिरवतोस? आईनं हेच शिकवलं?” आईचं नाव निघाल्यावर काय करणार, बसलो. चहा, खरबूज, मग पुलाव. तोडलेली नान टाकायची कशी, म्हणून मावशींनी उरलेलं बांधून दिलं, बारा जणांना बारा प्लास्टिकच्या पिशव्या. पुढच्या दारात त्यांची जाऊ उभी. तिच्याकडे न बसता गेलो असतो तर दोघींचं बोलणं बंद झालं असतं. (आधीच बंद आहे, पण निमित्त मी कशाला होऊ?) चौथ्या घरानंतर पाहुण्यांना उठवेना. तेवढ्यात गल्लीतला मोटारवाला बोल्ताबाय मोटार घेऊन हजर. “पाहुणा पायी आणि माझी मोटार उभी? लोक तोंडावर थुंकतील माझ्या.” त्याचं बघून शेजारचे तिघे चेकाळले. मोहिगुलबाई पूर्व दरवाज्यात घड्याळ बघत उभ्या होत्या. आम्ही पाच तासांनी पोचलो, चार मोटारींतून, हॉर्न वाजवत, मांडीवर पिशव्या घेऊन.

बाईंनी अहवालात ‘मानवी अडथळे’ असं लिहून खाली पहिलं नाव माझं घातलं. मी हातापाया पडलो. तेव्हा म्हणाल्या, “शेवटची संधी. जिथून पाहुणा नुसतं बघून, काही न खाता परत येतो, असं एक घर दाखव.” सगळे म्हणाले, असं घर या देशात नाही.

आपला आज्ञाधारक
एरगाश

ता.क. मी तुमचा पत्ता दिलाय. गुरुवारी बारा पाहुणे तुमचे माग बघायला मर्गिलानला येतील, स्टेशनवरून पायी.

ता.क. २. मामा, मुद्दाम काही करू नका. आम्ही भाचरं येतो तेव्हा जसे वागता तसेच वागा, की मी कायम झालो. मामींना भिडेखातर किटली ठेवावीशी वाटेल. तेवढी चहाच्या कपाटाची किल्ली नेहमीप्रमाणे तुमच्याच कमरेला असू द्या.