फोटोपुढचा बल्ब वेगळा जोडला आहे

प्राची,

मी चुडाव्याला तुझ्या मावशीकडे जातो आहे. आईच्या साड्या देऊन संध्याकाळी येईन. तुझ्यासमोर त्या बांधणं मला जमलं नसतं.

काल तू म्हणालीस, "बाबा, एकामागं एक जोडलेत, म्हणून दोन्ही मिणमिण करायलेत." मी ओरडलो, "आई गेली अन् तुला बल्बाचं पडलंय!" तू न जेवता उठलीस.

तुझंच बरोबर होतं. स्वयंपाकघरातल्या बल्बातून निघालेली वायर मी आईच्या फोटोपुढच्या बल्बाला दिली होती. दोन्हींनाही पुरती वीज मिळत नव्हती, अन् एक गेला की दुसराही विझायचा. सकाळी मेन बंद करून दोन्हींना वेगळी वायर दिली. आता दोन्ही लख्ख लागतात. एक बंद केला तरी दुसरा चालू राहतो.

आई गेल्यापासून तू स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाहीस. फोटोपुढं उजेड राहावा म्हणून दारातूनच तिथलं बटण दाबायचीस. आता त्याची गरज नाही. आज आत जा आणि स्वयंपाकघरातला बल्ब स्वतःसाठी लाव. पिठलं करून ठेवलं आहे. खारट झालं आहे, तरी खा.

बाबा