वधूच्या मामांनी वधूला घेऊन यावे

सातारा
१६ जानेवारी २०२६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तीळगूळ वेगळ्या पाकिटातून पाठवला आहे. तुझ्या युनिटमधल्यांना वाटून उरला तर तूही खा आणि माझ्याशी निदान मनातल्या मनात तरी गोड बोल. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. चंद्राबाई आजी पाटणहून राहायला आली आहे आणि टीव्हीवर बर्फ दिसला की शेजारच्यांना विचारते, "आमच्या शिवतेजला सरकारनं स्वेटर दिला असंल न्हवं?"

तू म्हणशील, फोन असताना ही पत्रं कशाला लिहायला लागली? फोनवर तू दोन मिनिटांत "बरं, ठेवू?" म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही. काम एकच आहे. बावीस फेब्रुवारीची रजा टाक. काहीही कर, कुणाच्या पाया पड, पण टाक. त्या दिवशी मी एकटीनं उभा केलेला पहिला कार्यक्रम आहे आणि त्यात तुझ्यावाचून अडलं आहे. कसं अडलं ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगू दे.

पत्र घरी सुरू केलं, पण हे मी कराडजवळच्या एका कार्यालयात बसून लिहितेय. अक्षता पडल्यात, पंगत चालू आहे, रिसेप्शनला वेळ आहे. म्हणजे बसून लिहितेय म्हणायचं, तीनदा उठून आले. एकदा बासुंदी कमी पडली, एकदा नवऱ्याच्या आत्याला सोफा पाहिजे होता, आणि एकदा काहीच नव्हतं, उगाच उठले. हल्ली बसवतच नाही मला. पाय आपले आपण चालायला लागतात.

सांगलीला इव्हेंट मॅनेजमेंट शिकायला निघाले तेव्हा तू म्हणाला होतास, "म्हंजी मंडपवाल्याकडं कामाला जाणार व्हय?" अगदीच काही चुकलं नव्हतं तुझं. पहिलं वर्ष मी दारात गुलाबपाणी शिंपडण्यात घालवलं. नंतर एमआयडीसीतल्या एका कंपनीचा वर्धापनदिन केला, एका पुढाऱ्याचा वाढदिवस केला, बैलगाडा शर्यतीच्या बक्षीस समारंभाला गेले. तिथं बैल वेळेवर आले, पाहुणे आले नाहीत. रविराज सरांच्या हाताखाली एक गोष्ट मात्र पक्की शिकले, प्रत्येक वस्तूला दुसरी वस्तू तयार ठेवायची. जनरेटरला जनरेटर, भटजीला भटजी, केटररला केटरर.

मागच्या महिन्यात सांगलीच्या एका लग्नात ऐन मुहूर्ताला वधूचे मामा गायब. निवेदक माईकवरून घसा फोडतोय, "वधूच्या मामांनी वधूला घेऊन यावे, वधूच्या मामांनी..." पाहुणे मुठीत अक्षता धरून उभे. भटजी एकदा घड्याळाकडं बघतायत, एकदा माझ्याकडं. मी कार्यालयभर पळाले. मामा सापडले पार्किंगमध्ये, काचा वर करून गाडीत रुसून बसलेले. म्हणाले, "नवरदेवाच्या मामाचा फेटा बघा आन माझा बघा. मी काय वाटंवरचा हाय व्हय?" शेवटी आमच्या फेटेवाल्याला त्या गाडीतच कोंबलं आणि नवा फेटा बांधून घेतला. सर नंतर म्हणाले, सगळ्याला दुसरं मिळतं शिवांजली, मामाला दुसरा मामा मिळत नाही. आम्ही पोट धरून हसलो.

आता मला हसू येत नाही. दादा, बावीस तारखेची वधू आपली आई आहे.

पत्र खाली ठेवलं असशील. उचल, पुढं वाच.

मी सांगलीच्या होस्टेलवर होते तेव्हा आई सकाळच्या एसटीतून माझा डबा पाठवायची, आठवतं? त्या गाडीवर नानासो म्हणून कंडक्टर होते. स्टँडवर डबा माझ्या हातात देताना सांगायचे, "आई म्हणाली, भाजी आधी खा, टिकायची न्हाई." आदल्या दिवशीचा रिकामा डबा घेताना विचारायचे, "काय निरोप?" मी म्हणायचे, काही नाही. मला लेक्चरची घाई असायची. तर ते साताऱ्याला जाऊन आईला आपल्या मनानंच सांगायचे, पोरगी म्हणाली आमटी लय भारी झालती. मी कधी निरोप दिला नाही आणि आईला रोज निरोप मिळत राहिला. कोर्स संपला, डबा थांबला, पण नानासो साताऱ्याला आले की आईच्या कंपनीच्या कॅन्टीनवर चहाला थांबायचे, ते थांबतच राहिले. त्यांची बायको करोनात गेली. एक मुलगी आहे, मिरजेला दिली आहे.

दिवाळी झाल्यावर आई एकदा लसूण सोलत होती. वर न बघता म्हणाली, "शिवे, तू लोकांची लग्नं उभी करतीस. माझं करशील का गं?"

मला फार आनंद झाला असं तुला लिहिणार होते. खोटं कशाला लिहू? समोर आप्पांचा वर्दीतला फोटो होता, तिकडं बघायचंच नाही असं ठरवून मी पातेल्याकडं बघत राहिले. पण आप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली, दादा. तू तिकडं बर्फात, मी रोज नव्या कार्यालयात. आई कामावरून येते, टीव्ही लावते आणि आवाज बंद करून बसते. असं का, विचारलं तर म्हणाली, "कोन बोलायला आलं तर ऐकू याला नगं?" त्या दिवशी मी तिला हो म्हणाले.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, आधी असं लगीन म्हंजी पाट लावायचा, रातच्याला, दिवा बारीक करून. वाजंत्री न्हाई, पंगत न्हाई, कुनी तोंड बघायचं न्हाई. तसं उरकून टाका म्हणाली. आई एरवी आजीपुढं बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली, "मी काय चोरी केली न्हाई. दिवसाउजेडी करायचं, आपल्या दारात." म्हणून आपल्याच गल्लीत मंडप घालतेय. हळद, वाजंत्री, पंगत, सगळं.

फक्त मामा नाहीत. आईला घेऊन पाटणला बाळासो आजोबांकडं गेले होते. आजीचे सख्खे भाऊ, आईचे मामा, आईच्या पहिल्या लग्नात तेच तिला मंडपात घेऊन आले होते. त्यांनी आम्हाला जेवू घातलं, आमच्यासाठी कोंबडी कापली, आणि हात धुताना म्हणाले, "भाचीला मंडपात एकदाच आणत्यात. मी आणली. माझं काम संपलं." आई त्यांच्या पाया पडली. येताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली, घर येईपर्यंत.

मंडपात वधूमागं माणूस नसला की सगळी गल्ली तेवढंच बघणार. तिचा मुलगा मागं उभा राहिला तर कुणाची जीभ उचलणार नाही. वॉकी-टॉकीवर मला बोलावतायत, नवरीच्या साडीला फॉल नाही म्हणे. जाते.

उत्तराची नाही, तुझी वाट बघणारी,
शिवांजली


सातारा
८ फेब्रुवारी २०२६

दादा,

नमस्कार लिहिलाय असं समज.

मागच्या वर्षभरात मिळून बोलला नाहीस तेवढा परवा एका फोनवर बोललास. "तुझ्या धंद्यासाठी आईचा तमाशा मांडू नगंस." तू ठेवल्यावर मी गच्चीवर फेऱ्या मारत राहिले. खाली मंडपवाला खड्डे कुठं पाडायचे विचारत होता, त्याला सुद्धा ओरडले.

तू अगदीच खोटं बोलला असतास तर मी भांडले असते. ऐक. रविराज सरांना मी लग्नाचं सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "मुलीने लावले आईचे लग्न! अगं, ड्रोन घे, दोन कॅमेरे घे, खर्च माझा. ही एक रील चालली तर वर्षभर तुला काम शोधायला लागणार नाही." सांगलीच्या एका बड्या घरचं लग्न आहे मे महिन्यात, ते मला स्वतंत्रपणे देतो म्हणाले. मला मोह झाला. एक अख्खी दुपार मी गाणं कुठलं लावायचं, आईला कुठल्या बाजूनं उजेड चांगला पडेल, हेच बघत होते. दादा, मी आईकडं बघत नव्हते, मी शॉट बघत होते. तू म्हणालास तो तमाशा त्या दुपारी माझ्या डोक्यात मांडून झाला होता.

मग आईला विचारलं. ती म्हणाली, "म्हंजी मला लोकं मोबाईलवर बघणार? मला माझ्या गल्लीनं बघितलं तर बास."

सरांना नाही म्हणून सांगितलं. ते रागावले नाहीत, पण सांगलीचं लग्न ऋषिराजला दिलं. तो माझ्यानंतर लागलेला आहे आणि त्याला अजून पंगतीचा अंदाज येत नाही. जीव जळतो माझा. या कामात नाव व्हावं म्हणून मी काय काय सोसलंय ते तुला माहीत नाही, कारण तू कधी विचारलंच नाहीस. पुढं काय होईल, सर ठेवतील का, मी स्वतःचं काही काढू शकेन का, काही कळत नाही. जेवताना सुद्धा उभीच जेवते आता, आजी ओरडते.

तू म्हणालास, मी आलो तर आप्पांच्या फोटोला तोंड कसं दाखवू. ते तुझं तू ठरव. मी त्या फोटोकडं परवा नीट बघितलं. आप्पा रागावलेले वाटले नाहीत. मला हवं तसं मी बघितलं असेल, तेही असू शकतं. पण फोटो आईनंच पुसून ठेवला आहे, रोज पुसते, आणि लग्नानंतर तो नव्या घरी सांगलीला नेणार आहे. नानासो स्वतःच म्हणाले, त्यांना इथं एकटं कशाला ठेवता.

आईला तुझं बोलणं सांगितलेलं नाही. रजा मिळणं अवघड आहे एवढंच म्हणाले. "बर्फात असंल पोरगं," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या मापाचा झब्बा शिवायला टाकून आली.

मामांच्या जागी कोण, हे मात्र सुटत नव्हतं. मी चुलत काकांना विचारलं, त्यांना त्या दिवशी नेमकं फलटणला काम निघालं. शेजारच्या सुभेदारांना विचारलं, त्यांच्या घरच्यांनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. मी चिडून स्वयंपाकघरात भांडी आदळत होते. आजी उंबऱ्यात बसली होती, जिनं पाट लावा म्हणून सांगितलं होतं तीच आजी. म्हणाली, "लेकी, मागं उभं ऱ्हायाला मानूस लागतंय. मिशा लागत न्हाईत."

आमच्या कामात एक नियम आहे. कार्यक्रम सांभाळणाऱ्यानं मंडपात मिरवायचं नाही, कडेला राहायचं, फोटोत यायचं नाही. मी आजवर शेकडो लग्नांत अक्षता टाकलेल्या नाहीत, कारण हातात कायम वॉकी-टॉकी. तो मी त्या दिवशी नानासोंच्या मुलीकडं, अपेक्षाकडं देणार आहे. ती मिरजेला शाळेत शिकवते, तिच्या आवाजाला केटररही घाबरतील. तिनं विचारलं, "आणि तू कुठं असणार?" मी सांगितलं तर रडायलाच लागली. मग तिला पाणी द्यायला मीच उठले.

निवेदक म्हणाला, ताई, मामा नाहीत तर ते वाक्य गाळू या का? मी नाही म्हणाले. सगळ्या लग्नांत म्हणतात तसंच म्हणायचं, मोठ्यानं, दोनदा. म्हटलं की गल्लीतल्या सगळ्या माना आपल्या दाराकडं वळतील. त्या दारातून आई एकटी बाहेर येणार नाही. तू आलास तर मी बाजूला होईन, तुझा मान आधीचा. नाही आलास तर तिच्या मागं मी असेन. आणि पुढं कधी तुला कुणी विचारलं, तुझ्या आईला मंडपात कुणी आणलं, तर मान खाली घालू नकोस. माझं नाव सांग.

तुझी धाकटी बहीण,
आणि बावीस तारखेला आईचा मामा,
शिवांजली